पऱ्हाट्यांचा धूर

हॅम्बुर्ग

तीर्थरूप बाबा आणि मायला, सरिताचा इथूनच वाकून नमस्कार.

खरेदीदारानं अडवलेली आपल्या गोरेगावच्या शिवारातली हळद काल सुटली. आता जिवाला घोर लावू नका.

पण बाबा, फॉर्मवर ‘हळद डिझेलवर शिजवली’ असं काहून लिहिलं? मोठेपणा दिसावा म्हणूनच ना? इथं माल तयार करताना किती धूर झाला ते विचारतात, अन् डिझेलचा जास्त धरतात, पऱ्हाट्यांचा जवळपास धरतच नाहीत. शेवटी मी मायचा फोटो दाखवला. कढईखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारून राहिली, तो. खरेदीदाराच्या साहेबाला पटलं.

मी वेळेवर जेवते.

त्या फोटोत माय डोळे पुसून राहिली. तिच्या डोळ्यांत गेलेल्या धुराला फॉर्मात रकाना न्हाई. तिचा खोकला कसा आहे? या वेळी खरं लिहा.

तुमची लेक,
सरिता