'आशिर्वाद'मधला ह्रस्व

मुलुंड (पूर्व),
रविवार, १८ जानेवारी १९८७

चि. सौ. अनुपमा हिस,

तुझे पत्र गुरुवारी पोचले. शिवदासरावांना भांडुपच्या कारखान्यात कायम केल्याचे वाचून फार आनंद झाला. गिरणी सुटल्यानंतर त्यांनी जे दिवस काढले ते मी पाहिले आहेत. येथेही सर्व ठीक आहे. रीतीप्रमाणे आशीर्वाद आरंभीच लिहायला हवेत. परंतु या वेळी ते शेवटी लिहीन. त्या शब्दाविषयी आधी थोडे सांगणे आवश्यक आहे.

तत्पूर्वी एक दुरुस्ती.

तू लिहितेस, की माझा पुतण्या चंद्रप्रकाश नाताळच्या सुटीत तुमच्याकडे लालबागला आला होता आणि तुमचा मुलुंडला घर घेण्याचा विचार ऐकून सर्वांसमक्ष म्हणाला: "ब्याऐंशी साली काका-काकू त्या चिखलात राहायला गेले आणि त्याच पावसाळ्यात काकू गेली. तिथे वेळेला डॉक्टर मिळत नाही, गाडी मिळत नाही. भर पाण्यात, रस्त्यातच तिने प्राण सोडला. पोरीला घेऊन अशा ठिकाणी जाऊ नकोस." हे ऐकल्यापासून तुझ्या सासूबाईंनी मुलुंडचे नाव काढू दिलेले नाही, आणि म्हणून तू मला विचारतेस, की येथे यावे की न यावे.

चंद्रप्रकाशच्या या चार वाक्यांत व्याकरणाची चूक एकही नाही. सत्य मात्र एकाही वाक्यात पुरते नाही. त्याच्या मायेविषयी मला शंका नाही. तुझ्या मामीने त्याला लहानपणी मांडीवर घेऊन भरवलेले आहे. तो त्या सर्व काळात मस्कतला होता. दोन निरनिराळ्या पत्रांतून कळलेल्या दोन निरनिराळ्या घटना परदेशात एकट्या माणसाच्या मनात एक झाल्या, इतकेच. परंतु त्या एकत्र होण्याने ज्या माणसांचे श्रेय बुडते, त्यांचे ऋण माझ्यावर आहे. म्हणून हे पत्र लांबेल.

प्रथम तू विचारलेल्या गोष्टी.

घर तळमजल्यावर घेऊ नये. हा सल्ला माझा नव्हे, सखुबाईंचा. त्या खाडीकडच्या गावातल्या. दारोदार मासळी विकतात. आम्ही जागा पाहायला प्रथम आलो तेव्हा त्या इमारतीच्या पायरीवर टोपली उतरवून बसल्या होत्या. बिल्डरचा माणूस आम्हाला तळमजल्याचे गुण सांगत होता. त्या मध्येच म्हणाल्या, "भाऊ, तलमजला नको घेव. भरतीचं पानी वलख द्याला येतं."

मी म्हणालो, "ओळख."

"तू वलख म्हन नायतर ओळख म्हन," त्या म्हणाल्या, "पानी येनार ते येनारच."

तुझी मामी रत्नप्रभा एवढी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आम्ही दुसरा मजला घेतला. पुढच्याच पावसाळ्यात पाणी तळमजल्याच्या उंबऱ्यापर्यंत आले, थोडा वेळ थांबले, आणि ओहोटीबरोबर निघून गेले. त्यानंतर मी सखुबाईंचा कोणताही शब्द दुरुस्त केला नाही, असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु ते खोटे होईल.

पाणी पहाटे येते. पिंप भरून ठेवावे. मिठागरांवरून येणाऱ्या वाऱ्याने लोखंडाला गंज लवकर चढतो; तुझ्या आईच्या ट्रंका आणणार असशील तर आधी रंगवून आण. संध्याकाळी डास असतात. खिडक्यांना जाळी बसवावी आणि त्यासंबंधी तक्रार करू नये, कारण ऐकणाऱ्याकडेही डास असतात. मराठी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भाजी गिरगावापेक्षा ताजी मिळते. वाचनालय लहान आहे. पुस्तके वेळेवर परत न करणाऱ्यांमुळे ते अधिकच लहान झाले आहे. भांडुप येथून एकच स्टेशन. शिवदासराव दुपारी जेवायलाही घरी येऊ शकतील, जे लालबागहून या जन्मी शक्य नव्हते.

नव्याने वाढणाऱ्या वस्तीत एक गैरसोय अशी, की तेथे कोणीच कोणाचे जुने नसते. एक सोयही तीच. आम्ही आलो तेव्हा इमारतीपुढे रस्ता नव्हता, चिंचोळा बांध होता. त्या बांधावरून समोरून माणूस आला, की एकाने थांबल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नसे. त्यामुळे प्रत्येकाशी बोलणे भागच पडे. गिरगावात चोवीस वर्षे राहूनही शेजारच्या इमारतीतली माणसे मला ठाऊक नव्हती. येथे सहा महिन्यांत, कोणाच्या पोराला गोवर आला आणि कोणाच्या सासूला मुलुंड पसंत नाही, हे सर्व मला समजू लागले.

आता पाटी.

आमच्या इमारतीचे नाव तुला ठाऊक आहे. पाकिटावर ते तू नेहमी बरोबर लिहितेस. संस्था नोंदली गेली तेव्हा फाटकावर लावण्यासाठी सुताराकडून पुरुषभर लांबीची, भक्कम सागवानी पाटी करून घेण्यात आली आणि रंगाऱ्याने तिच्यावर पिवळ्या रंगात, सुरेख वळणाने, 'आशिर्वाद' असे लिहिले. 'शि' ह्रस्व! 'आशीः' आणि 'वाद' यांचा संधी होऊन 'आशीर्वाद' होतो. त्यात 'शी' दीर्घच हवी. मी जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली. रोज सकाळी दूध आणायला त्या चुकीखालून जायचे आणि त्याच चुकीखालून परत यायचे, हे मला सोसेना. मी संस्थेचे सचिव दत्ताराम चिंदरकर यांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. पुन्हा लिहिले. अखेर ते जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "काकानू, आशिर्वाद लांब असो नायतर आखूड, पाण्याचा बिल तेवढाच येता."

"प्रश्न बिलाचा नाही, चिंदरकर. येणारा-जाणारा काय म्हणेल?"

"येणारो म्हणता, इमारत खंय? जाणारो म्हणता, गाडी किती वाजता? शि कोण बघता?"

"मी बघतो."

"ता दिसताच हा," ते म्हणाले आणि निघून गेले.

हे तीन वर्षे चालले. अखेर ब्याऐंशीच्या गणपतीपूर्वी त्यांनी हार मानली. पाटी उतरवून, पावसात भिजू नये म्हणून, जिन्याच्या तळाशी भिंतीला टेकवून ठेवली. रंगारी दुसऱ्या दिवशी येणार होता. त्या संध्याकाळी मी कितीतरी दिवसांनी प्रसन्न मनाने चहा घेतल्याचे आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस होता आणि भरतीही मोठी होती. गल्लीत गुडघ्यापर्यंत पाणी चढले. दुपारी रत्नप्रभा मोदकांसाठी नारळ निवडत होती. ती एकदम "अहो," एवढेच म्हणाली आणि छातीवर हात ठेवून खाली बसली.

डॉक्टर मिळाला नाही, असे चंद्रप्रकाश म्हणतो. समोरच्या इमारतीतील डॉक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पिशवी डोक्यावर धरून आले. ते पोचले तेव्हा मी अजून तिची चप्पल शोधत होतो. ती कशासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी इंजेक्शन दिले आणि म्हणाले, "यांना एक पाऊलही चालवायचं नाही. बसवायचंही नाही. आडवं न्या, आत्ताच्या आत्ता."

गाडी मिळाली नाही, हे मात्र खरे. त्या पाण्यात रिक्षा येईना. रुग्णवाहिका स्टेशनाच्या बाजूला, उंच रस्त्यावर थांबेल असा निरोप आला. खाट जिन्याच्या वळणावर अडली असती. सखुबाईंचा मुलगा हरेश्वर आईबरोबर पाणी पाहायला गावातून आला होता. त्याने जिन्याच्या तळाशी नजर टाकली आणि म्हणाला, "ही फली हाय ना! होरी उचलतो तशी उचलू." होरी म्हणजे त्यांची लहान होडी.

पाटी वर आली. तिच्यावर गोधडी घातली. रत्नप्रभेला उचलून तिच्यावर निजवले आणि तिच्याच नऊवारींनी बांधले. हरेश्वर आणि तळमजल्यावरचे दोघे डोक्याकडे. पायाकडे चिंदरकर, आणि त्यांच्याजवळची एक बाजू रिकामी. मी दारात उभा होतो. चिंदरकर ओरडले, "काकानू, आता व्याकरण ऱ्हवांदे! पायाकडची बाजू धरा!"

मी धरली.

तिने डोळे उघडले, खाली कसली तरी फळी आहे हे चाचपून पाहिले, आणि अगदी क्षीण आवाजात म्हणाली, "अहो, रंग ओला नाही ना? लुगड्याला लागेल."

"नाही वहिनी," चिंदरकर म्हणाले, "रंगारी आजून येवचो हा. काकांची शी व्हायची हा अजून."

त्या माणसांच्या खांद्यांवर, त्या पाण्यात, ती हसली. मी ते पाहिले. पुढे सखुबाई पदर खोचून चालल्या होत्या. खड्डा कोठे आहे ते पायाने तपासत होत्या आणि "हितं डाव्या हाताला सरा, बाय सांभालून," असे सांगत होत्या. घराघरांतून लोक उतरून येत होते आणि न विचारता खांदा देत होते. मला त्यांतील निम्म्यांची नावे ठाऊक नव्हती. आज सर्वांची आहेत.

अनुपमा, तुझी मामी त्या रस्त्यात गेली नाही. त्या रस्त्याने ती परत आली. त्यानंतर ती तीन वर्षे आणि वर तीन महिने आपल्या घरात हिंडली-फिरली, भांडली, तुझ्या सुगंधाच्या वाढदिवसाला लालबागला आली, आणि मग एका दुपारी, वाल सोलता सोलता, कोणालाही तसदी न देता गेली. ती तीन वर्षे मला या वस्तीने दिली. मुलुंडने तिला नेले असे कोणी म्हणाले, तर माझ्याने ते ऐकून घेतले जात नाही.

ती रुग्णालयातून आल्यावर संस्थेची सभा झाली. चिंदरकरांनी मोठ्या मनाने विषय काढला, "रंगाऱ्याक उद्या बोलवतंय, काकानू. ती शी एकदा लांब करून टाकूया." मी उभा राहिलो आणि म्हणालो, की पाटी आहे तशीच लावावी, तिच्यावरील एकाही अक्षराला कोणी हात लावू नये. मग चिंदरकरांनी शेजाऱ्याला विचारले, "काकांक बरा नाय काय?"

पाटी फाटकावर आहे. ह्रस्व 'शि'सह. मी रोज तिच्याखालून जातो.

येथपर्यंत मी सर्व गोष्टी, माझ्या समजुतीने, तटस्थपणे लिहिल्या. आता एक गोष्ट लिहिण्याचे टाळतो आहे, हे माझ्याच लक्षात आले आहे; तेव्हा ती लिहितो. माझ्या दारासमोरचे बिऱ्हाड, अनंतराव, नाशिकला मुलाकडे जात आहेत. ती जागा विकायची आहे. जागा दुसऱ्या मजल्यावरची, पूर्वेकडे खिडकी. ती गुढीपाडव्यापर्यंत कोणाला देऊ नये, असे मी त्यांना सांगितले. तुला न विचारता सांगितले. अशा स्थितीत माझा सल्ला तटस्थ कसा मानावा, हे तू ठरव. जागा तुम्हाला सोयीची असेल तरच घ्या. माझ्याकरिता घेऊ नका. मला येथे काही कमी नाही. सखुबाई काटे काढलेली मासळी देतात, चिंदरकर रोज सकाळी वर्तमानपत्रातील चुका दाखवायला म्हणून वर येतात आणि खरोखरीची चूक त्यांना एकही सापडत नाही.

फक्त एवढेच, की रत्नप्रभा गेल्यापासून माझ्या घरात व्याकरणाची एकही चूक झालेली नाही. हे घर इतके शुद्ध असावे, अशी माझी इच्छा कधीच नव्हती.

तुझ्या पत्राखाली सुगंधाने आपल्या अक्षरात लिहिले आहे, "मामाआजोबा, निबंधात माझी मदत कराल का?" 'माझी मदत' नव्हे; 'मला मदत'. परंतु ही चूक मी पत्राने सुधारणार नाही. समोर बसवून सुधारीन. तोपर्यंत तिला ती खुशाल करू दे.

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. चंद्रप्रकाशलाही दाखव, त्याच्यावर राग नाही, हे आवर्जून सांग. तारखा त्याच्यासाठी शेवटी स्वच्छ लिहून देतो, म्हणजे पुन्हा घोटाळा नको.

आम्ही मुलुंडला राहायला आलो: २१ मे १९७८. (ब्याऐंशी साली नव्हे.)

चंद्रप्रकाश मस्कतला गेला: १९७७. परत आला: गेल्या वर्षी. (मधल्या काळात तो येथे नव्हता. त्याचा यात दोष नाही.)

रत्नप्रभेला पाटीवरून नेले: शुक्रवार, २० ऑगस्ट १९८२.

रत्नप्रभा गेली: गुरुवार, २८ नोव्हेंबर १९८५. आपल्या घरी. ऊन होते. रस्ता कोरडा होता.

अनंतराव जागा राखून ठेवणार: येत्या गुढीपाडव्यापर्यंत.

पत्राचे उत्तर पाठवशील तेव्हा पाकिटावर इमारतीचे नाव शुद्ध लिहू नकोस. पाटीवर आहे तसे लिही.

शिवदासरावांना व सासूबाईंना नमस्कार. सुगंधाला आणि तुला, पूर्ण विचाराअंती, ह्रस्व 'शि'ने,

अनेक आशिर्वाद.

तुझा,
श्यामकांतमामा