विसाव्याचा पत्ता

१४ मार्च, शनिवार दुपार

प्रिय पाळकसाहेब,

सलाम. पुढच्या खोलीत तुमच्याशी बोलायला चार माणसं बसली आहेत. पाचवी होऊन रांगेत बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

लग्नानंतरची ती दुपार आठवते? मागच्या पायरीवर आपण मटार सोलत होतो. कुणी आलं नाही. तुम्ही दाणे भांड्यात कमी आणि तोंडात जास्त टाकत होतात. बस, एवढंच. मी अजून त्या दुपारीवरच दिवस काढते आहे.

डॉक्टरांनी मला काही दिवस माणसांपासून लांब राहायला सांगितलं. तुम्ही तळ्याकाठी खोली घेतलीत, मी हरखले. मग चर्चमध्ये भर उपासनेत तुम्ही सांगितलंत, बाईंना विश्रांतीची गरज आहे, प्रार्थना करा. आणि पत्ताही सांगून मोकळे झालात. आपण पोचतो न पोचतो तोच महिला मंडळ गाडी करून दारात. माझ्या विश्रांतीसाठी दोन तास प्रार्थना झाली, गिटारसकट. त्या सगळ्यांचा चहा कुणी केला? वर मंडळाच्या चिटणीसबाई म्हणाल्या, "बाई, फारच उतरलात हो. जरा पडत जा." मी तेव्हा त्यांचीच कपबशी विसळत होते.

प्रभूसुद्धा गर्दी सोडून डोंगरावर जायचा. पण पत्ता ठेवून जात नसे.

शाळेत सिस्टर जेवणानंतर आम्हाला गप्प बसवायच्या. आम्ही रुमालात तोंड खुपसून हसायचो. ती शिक्षा वाटायची तेव्हा. आता कुणी मला तसं बसवलं तर पाय धरीन.

चर्चच्या मंडळीवर माझा राग नाही. असं लिहिलं खरं, पण थोडा आहे. तरी तो गिळला असता. त्या संध्याकाळी सगळे गेले, तळ्यावर ऊन उतरलं, मी तुमच्यासाठी खुर्ची ओढली. तुम्ही फोन उचललात.

म्हणून चारच्या गाडीने मी निघते आहे. एकटी.

मोठी किटली चिटणीसबाईंना द्या, आलं-गेलं त्यांनी पाहावं. उपासनेत वाजवायच्या पेटीची किल्ली गिटारवाल्याला. फ्रीजमधलं सूप शेजारच्या आजोबांना, गरम करून. माझा पत्ता थोरल्या ताईकडे आहे. ती तो कुणालाच देणार नाही. तुम्हाला देईल, पण तुमचा फोन तिच्या हातात ठेवलात तरच.

आणि येताना मटार आणा. जरा जास्तच.

तुमची बायको