नाक टेकवून बघण्याइतका फोटो

३ जून

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले की आईचे कान टवकारतात, म्हणून हे पत्र. डॉक्टर म्हणाले, तिची मधली नजर भराभर चाललीय, कडेची तेवढी राहील. तीन-चार महिन्यांत चेहरे ओळखू येणार नाहीत. काल तिने टेबलावरचा बाबांचा फोटो हातात घेतला आणि हे कोण, असं विचारलं. मग स्वतःच हसली. मला नाही हसू आलं. त्या फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो तुला पाठवलाय. तुझ्या छपाईच्या मशीनवर तीन फूट बाय तीन फूट करून दे. नाही म्हणायचं नाही.

तुझ्यावर कायम हक्क गाजवणारी,
ताई

९ जून

ती. ताईस सा. न.

नाही म्हणतोय. चिडण्याआधी हिशेब बघ. तुझ्या फोटोत आडवे नऊशे ठिपके आहेत. ते छत्तीस इंचांवर पसरले की इंचाला उरतात पंचवीस. रस्त्यावरच्या फलकाला चालतं, तो लांबून बघतात. आई नाक टेकवून बघणार. तिला बाबा नाहीत, नुसते चौकोन दिसतील. इंचाला दोनशे तरी हवेत, म्हणजे आडवे सात हजार दोनशे. कॉम्प्युटरला मधले ठिपके भरायला सांगून पाहिलं, तर गुळगुळीत, देखणा कुणी परकाच माणूस तयार झाला. तो मी आईपुढे उभा करणार नाही. मूळ निगेटिव्ह शोध. हा फोटो काढला त्या स्टुडिओतल्या जुन्या कॅमेऱ्याची, सव्वादोन इंची चौकोनी असेल. ती मिळाली की पुढचं माझ्याकडे लागलं.

शिव्या दे, पण लोभ ठेव.
बारक्या

२ जुलै

चि. बारक्यास आशीर्वाद.

ते फोटोग्राफर आता नाहीत. स्टुडिओत त्यांची मुलगी शिकवणी घेते. माळ्यावर निगेटिव्हचे एकोणीस खोके, एकावरही नाव नाही, आणि ते सगळे रविवारी भंगारात जाणार होते. मी तिला हात जोडले, रजा टाकली आणि खिडकीशी बसून एकेक निगेटिव्ह उजेडासमोर धरली. पांढरे केस आणि काळे दात असलेलं अख्खं गाव पाहिलं. सोळाव्या खोक्यात बाबा सापडले. कानांवरून ओळखले, तुझेच ते. सोबत पाठवतेय. ओरखडा पडला तर घरात पाऊल ठेवू नकोस!

ताई

२९ जुलै

चि. बारक्यास आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला. आई खुर्ची ओढून अगदी भिंतीला भिडली आणि मान तिरकी करून वीत-वीत सरकत राहिली. दिसतात का, असं मी तीनदा विचारलं. पाऊण तासाने म्हणाली, की दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलंय. फोटोच्या दिवशी सकाळी ते तुटलं, पांढरा दोरा सापडेना, म्हणून तिने हाताला लागला तो घेतला. बाबांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता. इतकी वर्षं तो फोटो आपल्यासमोर होता, पण आपल्याला त्यात बटणही दिसलं नव्हतं रे.

आता रोज सकाळी ती थोडा थोडा चेहरा पाठ करते. आज डावी भुवई झाली. नजर जाईपर्यंत सगळे बाबा पाठ होतील, असं म्हणते.

तुझी ताई