बद्रीनाथचं वैराग्य

॥ श्री ॥
फुलंब्री, ता. ९ ऑगस्ट २००३

प्रिय मित्र मजीद यास,
बद्रीनाथचा स. न. वि. वि.

गावात बोभाटा होण्याआधी तुला कळवतो. येत्या महाशिवरात्रीला मी वेरूळजवळच्या मठात कायमचा राहायला जाणार आहे. शेत मुलगा बघतो, लेक सासरी सुखात आहे. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो. आता अडकून राहावं असं काही उरलं नाही.

तुला म्हणून मोकळं लिहितो. गेल्या चार वर्षांत माझं मन सगळ्यातून निघालं. जेवणात गोडी नाही, कुणाचा राग येत नाही, आणि स्त्रीसुखाची इच्छा तर मुळापासून गेली. लोक जन्मभर जप करून जे मागतात ते मला न मागता मिळालं. अंथरूण मी ओसरीवर आणलं, तेव्हा आशाबाईनं उशी आणून दिली. गाव मला बुवा म्हणू लागलंय. न्हावीसुद्धा चेष्टेनं म्हणतो की बुवा, तुमच्या दाढीलाही वैराग्य आलं, महिन्यातून एकदा वस्तरा फिरवला तरी भागतं.

मला वाटतं याची सुरुवात सहा वर्षांपूर्वी झाली. मक्यात घोणस चावली, घाटी दवाखान्यात अठरा दिवस पडलो, तू रक्ताच्या बाटल्या घेऊन धावत होतास. त्यातून उठलो तो देवानं कशासाठी तरी ठेवलं म्हणूनच.

मठाची एक रीत आहे. संसारी माणसाला घेताना महाराज सगळ्यांसमोर त्याच्या बायकोला विचारतात की तुझी हरकत आहे का. तिनं स्वतःच्या तोंडानं नाही म्हटल्याशिवाय कुणाला घेत नाहीत. आशाबाई अडवणार नाही याची मला खात्री आहे. तू मात्र त्या दिवशी यायचंच.

शकीलाभाभींना नमस्कार. मठात गेलो तरी तुझ्यावरचा लोभ तेवढा बरोबर नेईन.
तुझा,
बद्रीनाथ


औरंगाबाद, ता. १६ ऑगस्ट २००३

प्रिय बद्री,
सलाम आणि नमस्कार दोन्ही.

तुझं पत्र शकीलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली की बद्रीभाऊ साधू होणार असतील तर आधी माझी पुरणपोळीची पातेली परत करा. ते एक लक्षात ठेव.

आता माझं. देवाच्या वाटेत मी आडवा येणार नाही, येण्याची माझी लायकीही नाही. पण बावीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतोय. तुझ्या पत्रातलं मनाचं वैराग्य मला समजलं, दाढीचं समजलं नाही. मन संसारातून उठतं तसे गालावरचे केस उठलेले मी पाहिले नाहीत. आमच्या मोहल्ल्यात एवढे दीनदार, पाच वेळचे नमाजी बुजुर्ग आहेत, सगळ्यांच्या दाढ्या छातीपर्यंत.

एकदा येऊन रक्त देऊन जा. काही निघालं नाही तर मी स्वतः तुझी वळकटी मठापर्यंत उचलीन.

लोभ आहे म्हणूनच टोचतो, राग धरू नकोस.
तुझा,
मजीद


फुलंब्री, ता. २४ ऑगस्ट २००३

ती. मजीदभाऊंना,
आशाबाईचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं आणि हसून कोनाड्यात ठेवलं. मी हसले नाय.

नवराबायकोचं बाहेर लिहू नये हे मला कळतं. पण तुम्ही यांच्या मांडीला मांडी लावून शाळेत बसलेले, तुम्हाला बाहेरचं कसं म्हणू? मठात विचारतील तेव्हा मी हरकत नाही असंच म्हणणार आहे. ज्याला चार वर्षं माझ्याजवळ बसावंसं वाटलं नाय, त्याला चारचौघांत पदर पसरून अडवू? एवढी लाचार मी नाय.

पण भाऊ, देवाकडं निघालेल्या माणसाचा चेहरा उजळतो असं ऐकलंय. यांचा पिवळा पडलाय, डोळ्यांखाली सूज आहे. निंदायला बसले की दोन ओळी झाल्या की बांधावर. भर उन्हाळ्यात चादर लागते. पारायणात बसल्या जागी मान कलते, लोक म्हणतात समाधी लागली. मी सव्वीस वर्षं यांचं झोपेतलं तोंड बघतेय, मला समाधी आणि झोप वेगळी कळते.

मी सांगितलंय की मजीदभाऊंच्या लॅबमध्ये रक्त दिल्याशिवाय मी मठात पाऊल टाकणार नाय, मग महाराजांनी कुणाला विचारायचं ते तुम्हीच ठरवा. त्यावर म्हणाले की जातो. पुढच्या सोमवारी पाठवते.

भाभींना सलाम. पातेली धुऊन ठेवलीय. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
आशाबाई


औरंगाबाद, ता. २२ सप्टेंबर २००३

प्रिय बद्री,
सलाम, नमस्कार.

सगळे रिपोर्ट आले. डॉक्टर तुला पुन्हा समजावून सांगतीलच, पण आधी माझ्या अक्षरात वाच म्हणजे घाबरणार नाहीस.

पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. दाढी, ताकद, हाडं, उमेद आणि ती इच्छा, सगळ्याला त्याचा आधार लागतो. ते सकाळी जास्त असतं आणि दिवस कलला की उतरतं. म्हणून तू दुपारच्या एसटीनं येऊन दिलेलं रक्त डॉक्टरांनी धरलं नाही आणि दोन वेगळ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा घेतलं. तीनशेच्या वर पाहिजे. तुझं एकदा ऐंशी आलं, एकदा चौऱ्याहत्तर.

आणि तुझी कमाल सांगतो. डॉक्टरांनी मोठं आजारपण विचारलं तर तू काही नाही म्हणालास. घोणशीचं मी सांगितलं. तू ती देवाची कृपा म्हणून मोजतोस, आजारात धरतच नाहीस. डॉक्टरांनी लगेच पेन खाली ठेवलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती बाकीच्या ग्रंथींना हुकूम देते. घोणशीच्या विषानं कधीकधी तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती वर्षानुवर्षं हळूहळू सुकत जाते. तुझ्या मेंदूच्या एमआरआय फोटोत तिची जागा जवळजवळ रिकामी दिसते. म्हणून आणखी दोन हार्मोनही कमी आहेत. थकवा, सूज, थंडी त्याची.

उपाय आहे. आधी त्या दोन हार्मोनच्या गोळ्या, त्या जन्मभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. त्या लागू पडल्या की टेस्टोस्टेरॉन. त्याच्या कॅप्सूल मिळतात, पण रोज तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्याव्या लागतात आणि सारख्या लागू पडत नाहीत. अंगाला चोळायचं जेल निघालंय, महाग आहे आणि घरातल्यांच्या अंगाला लागू द्यायचं नसतं. तुझ्यासाठी डॉक्टर म्हणतात दर तीन आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन, फुलंब्रीचा कंपाउंडर देईल. रक्त दाट होतंय का आणि प्रोस्टेट कशी आहे हे अधूनमधून बघावं लागेल. मूलबाळ हवं असणाऱ्याला हे औषध असं देत नाहीत, तुमचं ते झालेलं आहे.

उत्तर लवकर दे. मैत्री आहे तशी असू दे, फक्त तू थोडा लठ्ठ हो.
तुझा,
मजीद


॥ श्री ॥
फुलंब्री, ता. ३० सप्टेंबर २००३

मजीद यास स. न. वि. वि.

दोन गोळ्या सुरू केल्या. अंगातली थंडी गेली हे कबूल करतो. इंजेक्शन मी घेणार नाही.

रागानं लिहीत नाही, विचार करून लिहितो. समजा, सापामुळंच माझी वासना गेली. तो साप कुणी पाठवला? देवाला जे काढून घ्यायचं होतं ते त्यानं सापाच्या तोंडानं काढून घेतलं. आता मी कंपाउंडरकडं जाऊन ते सुईनं परत भरून घेऊ? मोठमोठे साधक ज्या शत्रूपुढं हरले, त्याला मी आवतण देऊन घरात बसवू? माझी सहा वर्षांची साधना तू बाटलीत धरून चौऱ्याहत्तर म्हणून मोजलीस, याचं वाईट वाटलं.

आशाबाईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं गेली. तिथं बराच वेळ जाळ नुसता पेटत होता, वर काही ठेवलेलं नव्हतं.

तरी तुझा लोभ मला हवा आहे.
बद्रीनाथ


औरंगाबाद, ता. ८ ऑक्टोबर २००३

प्रिय बद्री,
सलाम, नमस्कार.

ज्या देवानं साप पाठवला त्यानं डॉक्टर पाठवला नाही असं तुला कुणी सांगितलं? पण तो वाद जाऊ दे.

मी नववीत असताना ऐन रमजानात मला कावीळ झाली होती, आठवत असेल. अन्न बघितलं तरी मळमळायचं. महिनाभर दिवसा काही खाल्लं नाही. ईदच्या दिवशी मी अम्मीला ऐटीत म्हणालो की या वेळी माझे तीसही रोजे झाले. ती म्हणाली की बेटा, तुझा एकही झाला नाही. तुला भूकच नव्हती. बरा झाल्यावर वेगळे धर. आणि तिनं खरंच हिवाळ्यात माझ्याकडून ते एकेक करून भरून घेतले.

एवढंच सांगायचं होतं. चार महिने इंजेक्शन घे, भूक परत येऊ दे, मग काय सोडायचं ते सोड. महाशिवरात्र कुठं पळून जात नाही.

तुझ्यावर हक्क आहे असं समजून लिहिलं, तो काढून घेऊ नकोस.
मजीद


॥ श्री ॥
फुलंब्री, ता. २५ जानेवारी २००४

प्रिय मजीद यास स. न. वि. वि.

पाचवं इंजेक्शन झालं. आता न्हावी चौथ्या दिवशी आठवण करतो आणि तोंड वाकडं करतो. मक्याचं पोतं उचललं. तूर खाताना चव लागली. परवा पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या कडूबाशी भांडलो, मग लाज वाटली, मग बरंही वाटलं. आणि ते दुसरंही परत आलंय. आशाबाई केस विंचरायला उन्हात बसली होती, मी जपमाळ हातात धरून तिच्याकडं बघत राहिलो. मणी पुढं सरकेनात.

एक गोष्ट मला सांगायची होती. नामाची गोडी गेली नाही. मला भीती होती की ती त्या दुखण्याचाच भाग निघेल. तसं नाही. पहाटे बसतो तर आता झोप येत नाही, पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसवतं.

म्हणूनच लिहितो की माझा निश्चय कायम आहे. तुझ्या अम्मीचं म्हणणं मी मनात धरलंय. तेव्हा भूक नव्हती, आता आहे. आता सोडलं तर तो खरा त्याग. मला ते जड जाईल, आणि जड जाईल म्हणूनच ते देवाला द्यावंसं वाटतं. आशाबाईला सांगितलं. ती म्हणाली की बघू, महाराज विचारतीलच.

तुझ्या उपकाराखाली आहे, तिथंच राहू दे.
बद्रीनाथ


औरंगाबाद, ता. २ फेब्रुवारी २००४

प्रिय बद्री,

अम्मीची गोष्ट माझ्याच गळ्यात आली. शकीला म्हणते की आणखी सांगा गोष्टी.

तुझ्याशी वादात मी शाळेतही जिंकलो नाही, म्हणून एकच लिहितो. रोजा ज्यानं त्यानं आपल्या पोटाचा धरायचा असतो. वहिनींच्या वाट्याचा तू कसा धरणार? त्या चार वर्षं उपाशी आहेत, आणि त्यांना ना साप चावला होता, ना नवस होता.

इंजेक्शनची तारीख चुकवू नकोस, मठात गेलास तरी. महाशिवरात्रीला मी येतोय असं धरून चाललो होतो, पण आमच्या लॅबमधल्या दोघांनी त्याच दिवशी सुट्टी घेतलीय, मला निघता येणार नाही. सगळं खरं खरं लिहून कळव.

कुठंही राहिलास तरी माझाच राहशील.
मजीद


॥ श्री ॥
फुलंब्री, ता. २१ फेब्रुवारी २००४

प्रिय मित्र मजीद यास,
बद्रीनाथचा स. न. वि. वि.

खरं खरं लिहायला सांगितलंस, तसं लिहितो.

घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही दुपारी मठात पोचलो. सभामंडप भरलेला होता. आपल्या गावचीच तीसेक माणसं होती. आशाबाई लेकीच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती. मी मनाशी म्हणत होतो की देवा, हिला हरकत नाही म्हणू दे. तिच्या मनात काय आहे ते वाटेत मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

महाराजांनी मला उभं केलं, दोन शब्द बरे बोलले आणि रीतीप्रमाणे तिच्याकडं वळून विचारलं की बाई, तुमची काही हरकत आहे का. ती उठली. पदर सारखा केला. मंडपाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की हाय, हरकत हाय.

त्या मठात असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही म्हणे. महाराजांनी विचारलं की कारण काय. ती म्हणाली की कारण आहे, पण ते मंडपात सांगायचं नाय. बायकांमध्ये कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या. महाराजही हसले आणि मला म्हणाले की बुवा, इथं देव आहे तसा तुमच्या घरीही आहे, त्याला तिथंच भेटा. आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मजीद, मी मान खाली घालून उभा होतो. कान तापले होते. ज्या गावानं मला बुवा म्हटलं त्याच्यासमोर एका बाईनं मला नवरा म्हणून मागून घेतलं होतं. मला वाटलं होतं की असं झालं तर पराभव वाटेल. मला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

एवढंच लिहायचं होतं. भाभींना आम्हा दोघांचा नमस्कार. आमच्या घरावर तुझी माया अशीच असू दे.
तुझा,
बद्रीनाथ