हवेचं यंत्र माझ्याकडेच बरं

५ जानेवारी, रविवार
कन्हान–प्रताप नगर संयुक्त हवा समिती स्थापन. अध्यक्ष मी. कन्हानच्या कोळशाच्या ट्रकवाल्या रस्त्यावर लेकरं खोकतात आणि आम्ही इथे झाडांखाली फिरतो, हा अन्याय आहे, हे मी असं बोललो की कन्हानच्या वस्तीतल्या पुष्पलताबाई पोहे खायच्या थांबल्या. एका संस्थेने धूळ मोजायचं यंत्र दिलं. एकच. माझ्या गॅलरीत लावलं. तिकडे वीज जाते, माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. शिवाय दर रविवारी सगळे आकडा बघायला येतील. हे शेवटचं कारण बोललो नाही.

७ जानेवारी, सकाळी ७.०५
आकडा ४२ वरून थेट ३१०! प्रताप नगर धोक्यात. ग्रुपवर टाकलं. कोणी बघितलं नाही. कामात असतील.

१२ जानेवारी, रविवार
चिवडा, संत्री, सहा कप. कोणीच आलं नाही. बैठक तहकूब. पुष्पलताबाईंचा फोन. मुलीला, धनश्रीला, धाप लागते, यंत्र तिकडे नेऊ का? म्हटलं, महिनाभर एकाच जागेचे आकडे हवेत, शास्त्रीय पद्धत असते. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

१९ जानेवारी
रोज सकाळ-संध्याकाळ बरोबर सातला आकडा तीनशेपार. नक्कीच कुठला तरी कारखाना. उदबत्ती लावताना सुहासिनीच्या फोटोला रोजचा आकडा सांगतो. फोटो गॅलरीच्या दाराशी, यंत्राला लागूनच. ती गेल्यापासून एवढं बोलणं झालं नव्हतं.

२२ जानेवारी, संध्याकाळ
पुष्पलताबाई धनश्रीला घेऊन आल्या, दोन बस बदलून. मी उत्साहाने चहा ठेवला, उदबत्ती लावली, यंत्र दाखवलं. आकडा चढला. धनश्री खोकायला लागली. बाईंनी फोटोकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, काका, तुम्ही काकूच्या उदबत्तीचा धूर मोजून राहिले जी. मग म्हणाल्या, माह्या पोरीले श्वास पुरत नाही, अन् यंत्र इथं काहून? मी इन्व्हर्टरचं सांगायला लागलो, मधेच थांबलो. मला लाज वाटली. यंत्र घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, रविवारी या, आकडे लिहाले माणूस पाहिजे. चहा तसाच राहिला.

२६ जानेवारी, रविवार
जाणार होतो. डबाही भरला. पण झेंडावंदनाची गर्दी असेल, म्हणून नाही गेलो. गॅलरीतून पाहिलं, गर्दी नव्हती.
ग्रुपवर कन्हानचा आकडा: ३८५. उदबत्तीशिवाय. वहीत तो लिहिणाऱ्या धनश्रीचा फोटो. भराभर उत्तरं आली.
सातला उदबत्ती लावली. सवयीने सुहासिनीला सांगायला तोंड उघडलं. सांगायला इथला आकडाच नव्हता.