मापाच्या वहीतलं माझं पान

अहो आई,

उद्या डॉक्टरांकडे जायचंय, सात वर्षांत पहिल्यांदाच तुमच्याशिवाय. तुमची मापाची वही पिशवीत घालायला काढली आणि माझ्या पानाशी हात थांबला. म्हणून लिहायला बसले.

लग्नानंतर वर्षभरातच मला नळाच्या पाण्यातून शिव्या ऐकू यायला लागल्या. शेजारणी म्हणाल्या, वणीला नेऊन आणा. तुम्ही नेलंत, देवीची ओटी भरलीत आणि दुसऱ्याच दिवशी मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलंत. स्किझोफ्रेनिया हा शब्द तुम्हाला शेवटपर्यंत नीट म्हणता आला नाही. पण सुनेला मनाचा आजार आहे, हे देवळाली कॅम्पातल्या शिवणाच्या गिऱ्हाइकांना तुम्ही मान वर करून सांगायचात. मला तेव्हा तुमचा रागच यायचा. आता वाटतं, केवढी हिंमत होती तुमची!

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ही नवी औषधं जुन्यांसारखं अंग सहसा ताठवत नाहीत, पण भूक आणि वजन वाढवतात, लक्ष ठेवा. आवाज गेले खरे, पण भूक कसली लागायची! चार भाकऱ्या खाऊन मी पाचवीकडे बघायचे. तरी सगळे ब्लाउज अंगात बसायचे, म्हणून मी निर्धास्त होते.

आणि तुम्ही काय करत होतात? जवानांच्या वर्द्या उसवता उसवता माझे ब्लाउजही गुपचूप सैल करत होतात. मला वाईट वाटू नये म्हणून! असलं काही शिवणाऱ्या बाईलाच सुचायचं. एवढंच चुकलं हो तुमचं.

मग मालेगावला मावसबहिणीच्या लग्नाला गेले. माहेरी ठेवलेला जुना ब्लाउज दंडातून वर चढेना. आरशासमोर रडले आणि परत आल्यावर गोळ्या बंद केल्या. तुमच्यासमोर गोळी तोंडात टाकायचे आणि मोरीत जाऊन थुंकायचे. थोड्याच दिवसांत नळ पुन्हा बोलायला लागला. तुम्ही दिलेला चहा मी भिरकावला, यात विष आहे म्हणाले. आई, ते आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुम्ही फरशी पुसलीत, वही काखेत मारलीत आणि मला घेऊन निघालात.

"डॉक्टरसाहेब, चूक माझी हाय," तुम्ही म्हणालात. "पोरगी फुगत होती अन् मी कापड सोडत होते."

ब्लाउज उसवला की तारीख, छाती, कंबर, दंड, सगळं तुम्ही लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांनी पूर्ण पान वाचलं, रक्त तपासलं. साखर चढायला लागली होती. त्यांनी गोळी बदलली आणि म्हणाले, दर वेळी हे पान घेऊन या. तुमचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता कुणीतरी!

नव्या गोळीने भूक आवरली, पण पाय एका जागी ठरेनात. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की घरभर येरझारा. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण कमी केलं, पण उतार पडायला वेळ लागणार होता. तुम्ही मला मशीनवर बसवलंत.

"पाय हलवायचेच हायत ना? मग पायडल मार."

आधी उशांचे वाकडेतिकडे अभ्रे झाले, मग परकर, मग ब्लाउज. पाय कधी शांत झाले ते कळलंच नाही. आज तुमची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात, कुरकुरत का होईना.

तुमच्या तेराव्याला शेजारच्या काकू म्हणाल्या, आता बरी आहेस, कशाला त्या गोळ्या? खरं सांगते, मन डळमळलं. दोन दिवस डबी हातात घेऊन नुसती बसायचे, मग कशीबशी गोळी घ्यायचे. तुम्ही समोर नसताना गिळली काय नि थुंकली काय, कोण बघणार होतं?

आज तुमच्या मुलाला टेप धरायला लावली. तुमचाच मुलगा तो, बायकोला वाईट वाटू नये म्हणून टेप सैल धरली! म्हटलं, ओढून धरा. कंबर अर्ध्या इंचाने वाढलीय. मी तेवढंच लिहिलं, तुमच्या शेवटच्या ओळीखाली.

तुम्ही शिवलेला जांभळा ब्लाउज आता काखेत काचतो. तुम्हाला शब्द देते, गोळी रोज घेईन आणि माप खरं लिहीन. उद्या तोच ब्लाउज घालून जाणार आहे. उसवलेला नाही.

तुमच्या मशीनवर बसणारी,
तुमची वैशाली