कलम पाच आणि थॅडी हेहिर यांची टेप

मी, ब्रॉना हेहिर, वय २९, अविवाहित, शाळेत व्हायोलिन शिकवते, राहणार नॉकबेग, फीकलजवळ, काउंटी क्लेअर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर थरथरलेलं दिसेल, ते भीतीमुळे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. शंभरात अठ्ठ्याण्णव जण घरी परततात, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मी उरलेल्या दोघांचा विचार करते आहे. यापूर्वी शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं.

कलम १. घर माझे वडील मालाकी हेहिर यांचं आहे, त्यामुळे ते देण्याचा प्रश्न येत नाही. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळही त्यांचंच. त्याला दर शनिवारी मी किल्ली देते. माझ्यामागे कोणीतरी द्यावी.

कलम २. बँकेत जे असेल ते बाबांना. त्यातून गोठ्याचं छप्पर करून घ्यावं. दुसऱ्या कशातून केलं तरी चालेल, पण करून घ्यावं.

कलम ३. माझं व्हायोलिन, गज आणि राळेचे दोन डबे शाळेला. अट एकच: तारा नेहमीच्या सुरातच लावाव्यात. आमच्या घरात त्या पूर्ण एक सूर चढवून लावतात. याला गावात ‘हेहिरांची पट्टी’ म्हणतात. तेवढ्या पिळायला गेलं की तारा तुटतात, आणि शेजारच्या कोणालाही आमच्याबरोबर वाजवता येत नाही. आम्हाला याचा अभिमान होता.

कलम ४. माझा भाऊ डोनाख याला, त्यानेच माझ्या सोळाव्या वाढदिवसाला दिलेला मेट्रोनोम, म्हणजे लय मोजायचं टिकटिक यंत्र, परत. काटा त्याने सर्वांत जलद आकड्यावर लावून दिला होता. मी तो हलवलेला नाही. माझं वाजवणं म्हणजे डेअरीला दूध घालायला निघालेलं गाढव, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. बाबा हसले आणि त्यानंतरच्या स्पर्धेत ते दोघंच वाजवायला बसले. मला चहाकडे पाठवलं. हे कलम सूड म्हणून लिहिलेलं नाही. थोडं आहे. पण डोनाखच्या बोटांसारखी स्वच्छ बोटं मी दुसऱ्या कोणाची ऐकली नाहीत, हेही इथे नमूद करते.

~~कलम ५. माझ्या टेबलाच्या खणात बाबांच्या नावाचं बंद पाकीट आहे. ते माझ्या मृत्यूनंतरच त्यांना द्यावं.~~

वरचं कलम मी खोडलं आहे. ते वाचता यावं अशा बेताने खोडलं आहे, आणि समासात साक्षीदार आद्याक्षरं घालतील. का खोडलं ते लिहिणं भाग आहे, नाहीतर उद्या कोणी शंका काढेल.

माझे आजोबा थॅडी हेहिर १९६२ साली वारले, तेव्हा बाबा पाच वर्षांचे होते. आजोबांचं वाजवणं फक्त एका टेपवर उरलं आहे. आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याने बॅटरीवर चालणारं यंत्र स्वयंपाकघरात ठेवून नाचाच्या अकरा धुना उतरवून घेतल्या. त्या टेपवर आजोबा विलक्षण जलद वाजवतात, तेही एक सूर चढवून. आजूबाजूचे सगळे संथ वाजवणारे, त्यांत हा एकटा वारा. बाबांनी उभं आयुष्य त्या टेपच्या मागे घातलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी डाव्या हाताची दोन बोटं वाकेनाशी झाली. नऊ वर्षांपूर्वी व्हायोलिन खुंटीला टांगताना ते म्हणाले होते, “त्यांना गाठणं झालंच नाही माझ्याच्याने.”

मला व्हायोलिन बाबांनीच शिकवलं. मी सहा वर्षांची असताना, घरात ऐकायला कोणी नसलं की ते त्याच धुना सावकाश वाजवत, हरकतींना श्वास घेऊ देत. मी ते शिकले. नंतर तेच त्यांना माझ्यात खपेना.

झडपेचं कळल्यापासून डॉक्टरांनी मला नाडी मोजायला सांगितली आहे. मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली बसून मोजते, म्हणून त्याचे ठोके मला पाठ आहेत: मिनिटाला ऐंशी. गेल्या आठवड्यात टेप ऐकताना, आजोबांच्या वाजवण्यामागे तेच घड्याळ ऐकू आलं. सवयीने मोजलं. नव्वद भरले. सात वेळा मोजलं. तसं धावणारं घड्याळ बारा तासांत दीड तास पुढे जाईल, आणि आजी तर त्या घड्याळावर रविवारच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, वेळेवर पोचत असे. टेपवर आजीचा आवाज कोवळ्या पोरीसारखा येतो, त्याचंही कारण तेच. धुना टिपताना पाहुण्याच्या यंत्राची बॅटरी उतरली होती, टेप मंद फिरली, आणि म्हणून नंतर चांगल्या यंत्रावर सगळं एक सूर चढून धावत सुटलं. घड्याळ, आजी आणि आजोबा.

एवढं सगळं मी पाकिटात लिहिलं होतं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला, तुमची बोटं एका उतरलेल्या बॅटरीपायी गेली, असं तोंडावर कसं सांगायचं? सांगितलं नाही तर ते स्वतःला कमी समजतच जातील. रोज ठरवायचं आणि रोज बटाटे सोलत बसायचं.

आज सकाळी सहीसाठी शेजारच्या नोराकाकू आल्या. वय एक्क्याऐंशी, सोळाव्या वर्षी त्या आजोबांच्या वाजवण्यावर नाचल्या आहेत. थॅडी असा उधळत नसे, माझ्या पायांना आठवतंय, असं त्या कायम म्हणायच्या, आणि आम्ही ते म्हातारपणावर घालायचो. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी तरी कलम पाच वाचलं आणि विचारलं, “मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून हे पाकीट होय गं?”

मग मी बाबांना हाक मारली. टेप लावली, घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि दोन्ही मोजायला सांगितलं. त्यांनी तीनदा मोजलं. मग म्हणाले, “हे तू मला आत्ता सांगतेस?” आणि गोठ्याकडे निघून गेले. दार लावलं नाही.

हे मी ते बाहेर असताना लिहिते आहे. नोराकाकू अंगातला कोट न काढता बसल्या आहेत. दुसरे साक्षीदार, पोस्टाची गाडी चालवणारे कॉल्म लिलिस, यांचं दोनदा घड्याळ बघून झालं. माझी नाडी एकशे चार.

बाबा परत आले आहेत. माझ्याकडे पाहिलं नाही. खुंटीवरचं व्हायोलिन काढून ते तारा सैल करताहेत. एकेक खुंटी करकरते आहे. “तरीच,” ते व्हायोलिनकडे बघत म्हणाले. “बाबांना एवढी घाई कशाची होती, तेच मला कळत नव्हतं.”

त्यांनी पहिल्या धुनेचा पहिला भाग सुरू केला आहे. दोन बोटं चुकताहेत. लय चुकत नाही.

कलम ५ (बदललेलं). पाकीट चुलीत टाकलं. टेप बाबांची आहे. डोनाखला काय ते तेच सांगतील. मेट्रोनोमचं कलम तसंच राहू द्यावं.

वरील सर्व मजकूर माझा आहे. मी दोघा साक्षीदारांसमोर, आणि त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. या मृत्युपत्राने दोघांनाही काहीच मिळत नाही, मघाशी मिळालेला चहा आणि सोडा ब्रेड सोडून.

ठिकाण: नॉकबेग, स्वयंपाकघर
दिनांक: शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

सही: ब्रॉना हेहिर
साक्षीदार १: नोरा टब्रिडी
साक्षीदार २: कॉल्म लिलिस

टीप: माझी सही हललेली दिसते ती भीतीने नाही. मी सही करत असताना साक्षीदार क्रमांक १ यांचा पाय टेबलाखाली ठेका धरून होता, आणि सांगूनही त्यांना तो थांबवता आला नाही.